झाकण गच्च लावलेला चहा

ग्रँड फोर्क्स
२ जून

चि. तिमोफे यास,
देवाची थोरवी गाऊन मग मालाशाताईचे आशीर्वाद. वि. वि.

प्रार्थनाघरातली नताशा दाताच्या डॉक्टरकडे कॅसलगारला चालली आहे, तिच्या गाडीतून नेहमीप्रमाणे आंबट चहाच्या दोन बरण्या पाठवते आहे. झाकणं गच्च आहेत, वर मेणही लावलंय, तेव्हा उघडताना तोंड बाजूला ठेव. गेल्या महिन्यात तुझ्या स्वयंपाकघराच्या छताला डाग पडला म्हणे. पडू दे. छताला रंग देता येतो, आतड्यांना देता येत नाही. या खेपेला साखर जास्त घातली आहे आणि प्रत्येक बरणीत दोन मुठी मनुका, कारण तुझं दारूचं व्यसन जुनं आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक पेला घ्यायचा, चालढकल करायची नाही.

वेराचं लग्न तेरा सप्टेंबरला ठरलं. मुलगा केलोनाचा, आपल्या पंथाबाहेरचा आहे, नाव कॉलिन. मांस खातो, पण लाजत खातो, म्हणून मी होकार दिला. पोरीचे आईबाप गेल्यापासून तिचं सगळं या आजीनेच केलं, आता हेही डोळ्यांदेखत पार पडावं एवढीच इच्छा आहे.

तू येशील हे धरून चालले आहे. पण माझी अट तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातून निवृत्त झालास त्या दिवशी हातात बिअरची बाटली घेऊन तू वर्तमानपत्रात झळकलास, आणि पुढच्या रविवारी मी प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर बोलले की दारू पिणाऱ्या माणसाबरोबर मी एका टेबलाला बसणार नाही. बोलले ते बोलले. फोन आमच्याकडे जेवणाच्या टेबलावरच आहे, म्हणून फोनही नाही. हॉलच्या बाहेर सफरचंदाच्या झाडाखाली तुझी खुर्ची मांडू, बोर्श्टचं सूप गरमगरम पाठवू. सावली छान असते तिथे.

वेराने एक नवंच खूळ काढलंय. आपला आंबट चहा तिला शनिवारच्या बाजारात विकायचाय. बाहेरची माणसं त्याला कोंबुचा म्हणतात आणि बाटलीला तोंड लावून पितात. बाजाराच्या माणसाने सांगितलं की आधी तपासून आणा, त्यात दारू किती आहे ते बघावं लागतं. मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, अरे बाबा, ज्या घरात केकमध्ये घालायचा व्हॅनिलाचा अर्कसुद्धा दारूचा म्हणून येत नाही, तिथल्या चहात तू दारू शोधतोस? तो म्हणाला, नियम आहे. ने म्हटलं बरणी, ने. तुझ्या मशीनलाही जरा चांगलं काही चाखायला मिळेल.

शेजारच्या टोनीने अंगणात पुन्हा मांस भाजायला घेतलंय, धूर थेट माझ्या तळघरात येतो. मी खिडक्या लावून बसले आहे.

माझा लोभ आहेच, तू सुधारलास की वाढेल.
तुझी ताई,
मालाशा


कॅसलगार
१० जून

ती. मालाशाताईस,
धाकट्या तिमोफेचा कमरेतून वाकून नमस्कार. वि. वि.

बरण्या पोचल्या. एक मी उघडली, दुसरी आपणहून उघडली. छताला आता दोन डाग आहेत. मनुका अजून कुठेकुठे सापडताहेत, काल एक चष्म्याच्या डबीत होती.

औषध लागू पडतंय असं दिसतं. पेला घेतला की दहा मिनिटांत कान गरम होतात आणि शेजारणीचा कुत्रा मला आवडायला लागतो. व्यसनाचं म्हणशील तर प्रयत्न चालू आहेत, एवढंच म्हणतो.

ताई, एक मनातलं लिहू का? लग्नात मला झाडाखाली बसवू नकोस. त्या पोरीला मी तळ्यात पोहायला शिकवलं. दात पडला की ती आधी मला दाखवायला धावत यायची. तिच्या लग्नाच्या टेबलाशी, तुझ्या शेजारी, मला बसायचं आहे. दुसरं काही नको. एका बाटलीला अकरा वर्षं पुष्कळ झाली गं. तू ठरवलंस की काही चालत नाही हे माहीत आहे, तरी विचारतो.

तुझ्या टोनीला माझा नमस्कार सांग. त्याला नमस्कार पोचवणारं घरात कुणी नसणार, तरी सांग.

रागातून वेळ मिळाला तर थोडी माया कर.
तुझा,
तिमोफे


ग्रँड फोर्क्स
२७ जून

ती. तिमोफे आजोबांना,
वेराचा गोड गोड पापा आणि सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोन टेबलावर आणि आजी फोनजवळ. म्हणून गोठ्यामागे बसून लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घ्या.

तपासणीचा निकाल आला. आजोबा, बसला आहात ना? आजीच्या आंबट चहात तीन पूर्णांक दोन टक्के दारू आहे. आपल्या प्रांतात एक टक्क्याच्या वर गेलं की कायद्याने ती दारूच. म्हणजे मी बाजारात बसले असते तर मला परवाना काढावा लागला असता, आणि लहान मुलांना हाकलावं लागलं असतं.

आजी आधी म्हणाली की मशीन प्यायलेलं आहे. मग म्हणाली मशीन चालवणारा प्यायलेला असेल. चालवणाऱ्या बाई निघाल्या, गरोदर. तेव्हा आजीने दुसरी बरणी दिली, सर्वांत जुनी, प्रार्थनाघरासाठी राखून ठेवलेली. तिच्यात निघालं तीन पूर्णांक चार.

त्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी नीट समजावलं. म्हणाल्या, साखरेची दारू होते, आणि हवा मिळाली की त्या दारूचाच आंबटपणा होतो, म्हणून बरणीला फडकं बांधतात. झाकण लावलं की हवा बंद, मग दारू झाली ती तशीच राहते. त्यांनी विचारलं की तुम्ही झाकण का लावता, तेही मेण लावून? आजी ताठ मानेने म्हणाली, शेजारच्या मांसाचा धूर चहाला लागून तो बाटू नये म्हणून. टोनीने ती भाजायची शेगडी आणली त्याला तीस वर्षं झाली. आजोबा, तीस वर्षं! चहा पवित्र राहावा म्हणून आजीने जे जे केलं, त्या प्रत्येक गोष्टीने त्यात दारू वाढवली आहे. आणि साखर नि मनुका तर तुमच्या व्यसनासाठी.

मी हसले. हसायला नको होतं. संध्याकाळी मी टेबल मांडलं तर आजी आली, खुर्चीकडे बघितलं, आणि वाटी उचलून इस्त्रीच्या फळीशी जाऊन उभी राहिली. उभ्याउभ्याच जेवली. मला वाटलं पाय आखडला असेल. आज चौथा दिवस आहे, ती फळीशीच जेवते आहे. विचारलं तर म्हणते, मी दारू पिणाऱ्यांबरोबर बसत नाही.

तुम्ही काहीतरी लिहा तिला. मात्र हसू नका हं.

तुमची,
वेरा


कॅसलगार
४ जुलै

ती. मालाशाताईस,
धाकट्या भावाचे, आज जरा जास्तच ताठ उभं राहून, दंडवत. वि. वि.

मला हसू नका असं सांगण्यात आलंय. मी प्रयत्न करतो आहे. कालपासून करतोय.

ताई, मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दर महिन्याला चार लिटरच्या दोन बरण्या, अशी अकरा वर्षं, म्हणजे दोनशे चौसष्ट बरण्या. एका बरणीत साडेसात बिअरच्या बाटल्यांइतकी दारू. सगळी मिळून झाल्या दोन हजार बाटल्या. आपल्या घराण्यात सात पिढ्यांत मिळून एवढी कुणी प्यायली नसेल, आणि मी ती सगळी माझी दारू सुटावी म्हणून प्यायलो, उपाशीपोटी, तुझ्या धाकाने. एक बाटली पिऊन मी झाडाखाली, आणि दोन हजार पाजून तू प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत! शेजारणीचा कुत्रा मला का आवडायचा ते आता कळलं. तो खरं म्हणजे फार वाईट कुत्रा आहे.

झालं, हसून झालं. आता बस खाली. वेराने कळवलंय की तू फळीशी उभी राहून जेवतेस. अगं, वय काय तुझं? तुला माहीत नव्हतं. तुझ्या हातून पाप घडलेलं नाही, फार तर रसायनशास्त्र घडलं. खुर्ची ओढ, बस आणि नीट जेव. आणि मला लग्नाला बोलाव, मीही बसतो, म्हणजे मिटलं.

लोभ होता तसाच आहे, तो दोन हजारांनीही ढळला नाही.
तुझा,
तिमोफे


ग्रँड फोर्क्स
२० जुलै

चि. तिमोफे यास,
आशीर्वाद द्यायचा अधिकार मला उरला आहे का ते ठाऊक नाही, सवयीने देते. वि. वि.

तुझं गणित मी तपासलं. एक हजार नऊशे ऐंशी होतात. वरच्या वीस बाटल्या माझ्या अंगावर उगीच घालू नकोस.

बारा तारखेच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. तीस वर्षं प्रार्थनेआधी गळा मोकळा व्हावा म्हणून प्रत्येकाला एकेक पेला मीच देत आले. मग म्हातारा सावेली बोलला. एक्क्याण्णव वर्षांचा आहे, त्याला कोण अडवणार? म्हणाला, दुसऱ्या स्तोत्राला माझ्या अंगात दर रविवारी ऊब यायची, मला वाटायचं मी पुण्यवान आहे. अन्युता रडायला लागली. तिला तिसऱ्या स्तोत्राला न चुकता पाणी यायचं डोळ्यांत, ती गेली वीस वर्षं त्यासाठी रुमाल घेऊन येते.

मग वाद सुरू झाला. काही म्हणाले, माहीत नसताना घेतली ती घेतली असं होत नाही. काही म्हणाले, पेल्यातून घेतली, बाटलीतून नाही, म्हणून ती दारू नव्हे. सावेलीने विचारलं की उरलेल्या बरण्यांचं काय करणार, आणि ज्या आवाजात विचारलं तो मला मुळीच आवडला नाही. शेवटी ठरलं की एक रविवार नुसत्या पाण्यावर गाऊन बघायचं, म्हणजे आपली भक्ती कुठली आणि चहाची कुठली ते कळेल.

काल पाण्यावर गायलो. तिमोफे, आपण सुरात नाही आहोत. मला वाटतं कधीच नव्हतो. पहिलं स्तोत्र कसंबसं पार पडलं, दुसऱ्याला सावेली झोपला, तिसऱ्याला अन्युता रुमाल हातात धरून वाट बघत राहिली आणि काहीच आलं नाही. बाहेर पडताना ती मला म्हणाली, मालाशा, माझं रडू मला परत दे. मी काय देऊ तिला? पहिल्या रांगेतली जागा मी सोडली आहे. आता मागे, कोट टांगतात तिथे उभी असते.

आता मुद्द्याचं. तू लिहितोस बस खाली. अरे, तुला मी एका बाटलीसाठी अकरा वर्षं घराबाहेर ठेवलं, झाडाखाली बसवायला निघाले होते. तेव्हा तू मला सांगितलं होतंस का, की माहीत असून घेतली की नसून? मी विचारलंच नव्हतं. मग माझ्या वेळेला मी स्वतःला का विचारू? शपथ माझी आहे. मी जिथे बसेन तिथे एक दारू पिणारी आधीच बसलेली असणार. दुसऱ्यांकडे जावं तर सगळ्यांना मीच पाजलेली. तेव्हा मला कुठल्याच टेबलाला जागा नाही. लग्नातही मी उभीच राहीन.

तू ये. झाडाखाली नको, आत बस. मी वाढीन तुला.

लोभ कर असं म्हणायला तोंड नाही.
मालाशा


ग्रँड फोर्क्स
८ ऑगस्ट

ती. तिमोफे आजोबांना,
वेराचा सा. न. वि. वि.

गोठ्यामागूनच लिहिते. काहीतरी करा हो आजोबा, लग्न बुडतंय.

आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. मी आणि कॉलिन वाकून नमस्कार करणार, मग घरातलं सर्वांत मोठं माणूस पाव, मीठ आणि पाणी मांडलेल्या टेबलाशी बसणार. ते बसल्याशिवाय कुणी चमचा उचलायचा नाही. आणि घरातलं सर्वांत मोठं माणूस म्हणतंय मी बसणार नाही. दोनशे माणसं आहेत! मी म्हटलं, आजी, पाच मिनिटं टेक, मग ऊठ. ती म्हणाली, शपथेला पाच मिनिटांची सुट्टी नसते. मी म्हटलं तिमोफे आजोबा बसतील तुझ्याऐवजी. ती म्हणाली, मी जिवंत असताना? म्हणजे स्वतः बसायचं नाही आणि दुसऱ्यालाही बसू द्यायचं नाही.

कॉलिनच्या आईला मी सांगितलं की कदाचित जेवायला उशीर होईल. तिने विचारलं किती. मी काय सांगू, आजी मरेपर्यंत?

वजन उतरलंय तिचं. उभ्याने अर्धी वाटी खाते आणि फळी आवरून ठेवते. मला तिच्याशिवाय कुणी नाही, आजोबा. ती माझ्या लग्नात दाराशी उभी राहिली तर मला ते लग्न वाटणारच नाही. खरंच सांगते, मी रडत लिहिते आहे, आणि गाय माझा कागद चाटते आहे.

तुमची,
वेरा


कॅसलगार
१६ ऑगस्ट

ती. मालाशाताईस,
तिमोफेचा नमस्कार. वि. वि.

आज थट्टा नाही. एक कबुली द्यायची आहे.

निवृत्तीच्या दिवशी ती बाटली मित्रांनी माझ्या हातात दिली. मी अर्धी प्यायलो. कडू लागली. उरलेली कचेरीतल्या कुंडीत ओतली आणि फोटोला हसलो. त्यानंतर आजपर्यंत, तुझ्या बरण्या सोडल्या तर, थेंब घेतलेला नाही. ना कधी घ्यावीशी वाटली. माझं व्यसन सगळं मिळून अर्ध्या बाटलीचं.

तू म्हणशील मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. सांगतो. त्याआधी मला तुझ्याकडून वर्षाला एक कार्ड यायचं. छापील. खाली तुझी सही. मी दारुडा झालो आणि महिन्याला चार पानी पत्र यायला लागलं, त्यात शिव्या, त्यात टोनीचा धूर, तुझ्या टोमॅटोंवरची कीड, वेराचा ताप, सगळं. त्याच हिवाळ्यात माझी ग्लाशा संसार अर्ध्यावर टाकून गेली. मुलगा तिकडे पूर्वेला. दिवसभर मला वाट बघण्यासारखं त्या पोस्टाच्या पेटीशिवाय काही नव्हतं. मला भीती वाटली की सुधारलो म्हणून कळवलं तर तुझी काळजी मिटेल आणि पत्रं थांबतील. म्हणून मी दर वेळी मोघम लिहायचो की प्रयत्न चालू आहेत. प्रयत्न कसले, मी आरामखुर्चीत बसून तुझी पत्रं परत परत वाचायचो.

म्हणजे बघ, तू मला न सांगता दारू पाजत होतीस आणि मी तुला न सांगता दारुडा नव्हतो. लबाडी केली ती मी, जाणूनबुजून. तू नाही केलीस. तेव्हा कुणी उभं राहायचं असेल तर ते मी.

लग्नाला मी येतो आहे. तू उभी राहिलीस तर मीही तुझ्या शेजारी उभा राहीन. माझी कंबर फार वेळ साथ देत नाही, पण राहीन.

ही लबाडी पोटात घालशील तर फार उपकार होतील.
तुझा,
तिमोफे


ग्रँड फोर्क्स
१७ सप्टेंबर

चि. तिमोफे यास,
अनेकोत्तम आशीर्वाद, या खेपेला पुरेपूर अधिकाराने. वि. वि.

तू नीट पोचलास हे नताशाकडून कळलं. कमरेला शेक देत जा.

लग्नात जे घडलं ते गावात तीन प्रकारे सांगितलं जातंय. सावेली तर असं सांगतो की आपण दोघं प्यायलो होतो. म्हणून मी ते क्रमाने लिहून ठेवते. तू तिथे होतास, चुकलं तर कळव.

तुझं ऑगस्टचं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. उत्तर दिलं नाही. चार वेळा बसून, म्हणजे उभी राहून, लिहायला घेतलं. एकदा तुझा फार राग आला. अकरा वर्षं मी तुझ्यासाठी प्रार्थना केल्या, त्या सगळ्या वाया! मग आठवलं की ग्लाशा गेली तेव्हा मी तुला काय लिहिलं होतं. लिहिलं होतं, आता तरी बाटली सोड. त्यानंतर तीन रात्री मला धड झोप लागली नाही.

तेरा तारखेला मुलांनी नमस्कार केले. पाव, मीठ, पाणी मांडलेलं, टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाटी धरून उभी. तू येऊन माझ्या शेजारी उभा राहिलास. वेरा पांढऱ्या झग्यात आली आणि तीही उभी राहिली, तिच्या मागे कॉलिन. ते बघून कॉलिनकडची चाळीस माणसं उभी राहिली. त्यांना वाटलं आपल्याकडे असंच असतं. मग आपली माणसं उठली, पाहुणे उभे आणि आपण बसलेले बरं दिसत नाही म्हणून. दोनशे माणसं उभी, बोर्श्टवर साय धरायला लागली. एकटा सावेली बसून होता. तो मोठ्याने म्हणाला की मालाशाचा मानपान आटपायला आणखी वेळ लागणार असेल तर याच हॉलमध्ये माझं मर्तिकही उरकून घ्या, जेवण तयार आहेच.

तेव्हा मी ठरवलं. बसायचं की नाही ते नाही, दुसरंच. आपल्यात ज्याचं चुकलं त्याने समोरच्याला जमिनीपर्यंत वाकून क्षमा मागायची असते. मी आयुष्यात पुष्कळांकडून तसं वाकवून घेतलं, स्वतः कधी वाकले नाही. वाटी ठेवली आणि सगळ्यांदेखत तुझ्यासमोर गुडघे टेकून वाकले. म्हटलं, तिमोफे, मला क्षमा कर, मी तुला एकटं ठेवलं. हे तू ऐकलंस की नाही ते मला कळलं नाही, कारण त्याच क्षणी माझा उजवा गुडघा अडकला. तू मला उचलायला वाकलास आणि तुझी कंबर अडकली. मी खाली, तू अर्धा खाली, दोघांनाही हलता येईना. कॉलिनकडची माणसं फार आदराने बघत होती. त्याच्या आईने फोटोही काढले.

मग कॉलिन आणि त्याच्या तीन भावांनी त्या दोन खुर्च्या आणल्या, आपल्याला पिशव्यांसारखं त्यांत ठेवलं आणि खुर्च्यांसकट उचलून नेऊन टेबलाशी मांडलं. सावेलीने लगेच चमचा उचलला. बाकीचे त्याच्या मागोमाग. अशा रीतीने लग्न लागलं. शपथ मोडली असं कुणी म्हणेल तर त्याला सांग, मी बसले नाही, मला बसवलं. प्रार्थनाघरात मी हेच सांगितलं आणि त्यांनी ते मानलं.

वेराचा चहा आता फडकं बांधून होतो, त्यात अर्धा टक्काही निघाला नाही. चव अगदीच मिळमिळीत. पत्रं मी तुला दर महिन्याला लिहीनच, तू सुधारलास म्हणून ती बंद होणार नाहीत. फोनही आता चालेल, पण फोनवर तू फार ओरडतोस.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुलाच लिहिते, आणि हे वाचून झालं की कागद चुलीत घाल. माझा गुडघा बोर्श्टची पहिली वाटी संपायच्या आतच सुटला होता. टेबलाखाली हळूच हलवून पाहिला, नीट चालत होता. उठता आलं असतं, तिमोफे. पण तू शेजारी बसून पावाला लोणी लावून मला देत होतास. मी उठले नाही.

लोभ आहे. कमी करायचा मी अकरा वर्षं पुष्कळ प्रयत्न केला, जमला नाही. तू तर करूच नकोस.
तुझी ताई,
मालाशा